मचूळ आडाचं पाणी

अक्का, त्या मोठ्या दुष्काळात आपल्या घरात चूल दिवसातून एकदाच पेटायची. तीही दिवस मावळताना. पोटात काही पडलं की लगेच अंथरुणावर पडायचं, म्हणजे पुन्हा भूक लागायच्या आत झोप लागते, असा मायचा हिशोब. रेशनच्या तांबड्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकर थापताना तुटायची, म्हणून माय त्याच्या घुगऱ्या करायची. सोबत तरोट्याचा पाला. पुढं तो पालाही मिळेना, सगळी वस्तीच खुडायला निघायची. बा नुकताच गेला होता. तू आणि माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. तिथं मिळालेली सुकडी तू फडक्यात बांधून आणायचीस आणि म्हणायचीस, "खा रं बापू. म्या तिथंच खाल्ली." तू खोटं बोलतेस हे तेव्हाही कळायचं. भूक होती, मी खायचो.

तू चौथी पास झाली होतीस. मास्तर घरी येऊन गेले होते, पोरगी हुशार हाय, पुढं घाला म्हणून. पण दोघांपैकी एकच शाळेत जाणार होतं, आणि ते मायनं ठरवायच्या आत तूच ठरवून टाकलंस. "त्याला घाला. मला दगड फोडता येत्यात, त्याला येत न्हाईत." तेव्हा तू केवढी होतीस? हातोडा दोन्ही हातांनी उचलायचीस. त्याच उन्हाळ्यात तुला खोकला लागला. बरेच महिने खोकलीस. कुणी औषध दिलं नाही, कारण कामावर सगळेच खोकायचे, खडीची धूळच तशी. मग खोकला आपोआप थांबला. आपल्याला वाटलं, गेला.

आणि पाणी. गावात गोड्या पाण्याचा आड होता, आपल्या वस्तीत मचूळ पाण्याचा. आपल्या लोकांनी धम्म घेतला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण गोड्या आडाला ती खबर पोचली नव्हती. आपल्या पाण्यात डाळ शिजायची नाही, चहात दूध घातलं की फाटायचं, साबणाला फेस यायचा नाही. शाळेत मी पाणी मागितलं की मास्तरांचा पोरगा वरून ओतायचा आणि विचारायचा, "तुमच्याकडं मीठ इकत आणावं लागत नसंल ना?" त्या आडाचा मी आयुष्यभर राग केला. माझं शिक्षण, माझी नोकरी, सगळं त्या आडापासून लांब पळण्यासाठी होतं म्हटलं तरी चालेल. आज तोच आड आठवून मी रडून राहिलो.

तुला उदगीरकडं दिलं. तिथं घराच्या दारात नळ होता, याचंच मायला किती कौतुक. "माझी पोरगी नळाचं गोडं पाणी पेती," असं बाजारात सांगत फिरायची. आणि तू त्या गोड्या पाण्यावर वाळत गेलीस. उभी राहिलीस की डोळ्यांपुढं अंधारी, सकाळी उठलीस की हातपाय थरथरायचे, जेवण जाईना. आणि काळी पडत गेलीस. उन्हानं माणूस पडतो तशी नाही, आतून. तुझी सासू तुला आणून सोडायला आली तेव्हा दारातच मायला म्हणाली, "आमी गोरी पोरगी नेली व्हती. ही कुणाची हाय ते तुमीच बगा."

माय म्हणाली, "नळाच्या पाण्यानं धुऊन बगितली का?"

एवढ्या वाईट वेळेला तू हसलीस. सासरहून तू काही आणलं नव्हतंस. नेसलेलं लुगडं आणि दोरीला एक शेळीचं पिल्लू, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचं. ती बांडी. दाजी पुन्हा कधी आले नाहीत.

माहेरी आल्यावर तू थोडी सावरलीस. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, माहेरचं पाणी मानवलं. माणसं बोलायचं म्हणून बोलतात. त्यांना काय ठाऊक, अक्का, की त्या अक्षरशः खरं बोलत होत्या.

तेव्हा मी नांदेडला होतो. आपल्या वस्तीतला पहिला बी.एस्सी., आणि आता प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. आमच्या सरांचं काम उंदरांवर चालायचं. मूत्रपिंडावर एक बारकी ग्रंथी असते, ती उंदराच्या दोन्ही बाजूंची काढून टाकायची आणि अंगातल्या साखरेचं, चरबीचं काय होतं ते बघायचं. पिंजऱ्यात पाण्याच्या दोन बाटल्या असायच्या. एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं. पिंजरे साफ करणं आणि बाटल्या भरणं माझ्याकडं. चांगला उंदीर साध्या पाण्याला तोंड लावायचा. ग्रंथी काढलेला उंदीर बाटल्या हुंगायचा आणि मिठाच्या बाटलीला जाऊन चिकटायचा. बाटल्यांच्या जागा बदलल्या तरी शोधून काढायचा. सर म्हणायचे, "ती ग्रंथी शरीरात मीठ धरून ठेवते. ती गेली की मीठ लघवीवाटे वाहून जातं. उंदराला हे कुणी शिकवलं नाही, पण त्याची जीभ त्याला सांगते."

मी हे पाठ केलं आणि सुट्टीला घरी आलो. माय शाळेच्या हापशावरून, कुणाकुणाच्या विनवण्या करून, तुझ्यासाठी गोड्या पाण्याची कळशी आणायची. आजारी पोरीला तरी चांगलं पाणी मिळावं म्हणून. त्या दुपारी तिनं तुझ्यापुढं तांब्या ठेवला आणि तू तो सरकवून दिलास.

"हे नगं. आपल्या आडाचं दे."

"आगं, मरणाचं खारं हाय ते."

"असू दे की. ग्वाड लागतंय मला."

आणि वर मिठाच्या गाडग्यात बोट घालून तू ते चाटलंस, लहान लेकरू गूळ चाटतं तसं.

मी भाकरीचा घास तोंडात तसाच ठेवून बसलो. उठून तुझा हात हातात घेतला. तळहाताच्या रेषा काजळानं ओढल्यासारख्या काळ्या. खडी फोडताना बोटाला लागलं होतं त्याचा जुना वण काळा. "तोंड उघड," म्हटलं. हिरड्याही काळ्या.

"कामून बघून राहिलास? भविष्य सांगतो का काय?" तू म्हणालीस. "माजं लगीन झालेलं हाय, ते सोडून सांग."

मला फक्त पिंजरा दिसत होता.

नांदेडच्या डॉक्टरांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग तुझ्याकडं. मी एम.एस्सी.चा पोरगा, त्यांना रोग सांगून राहिलो होतो. पण ते भले माणूस. त्यांनी रक्तदाब मोजला, सकाळची साखर बघितली, छातीचा फोटो काढला. लहानपणी खोकली होती का विचारलं. तो खोकला क्षयाचा होता, अक्का. छातीतून तो थांबला आणि रक्तावाटे जाऊन त्या दोन ग्रंथींत बसला. आपण सावकाश जगत होतो आणि तो त्या सावकाश खात होता. डॉक्टर म्हणाले, "ही एवढे दिवस औषधाशिवाय टिकली कशी, याचंच नवल वाटतंय."

मला ठाऊक होतं कशी. ज्या पाण्याचा मी राग केला त्या पाण्यानं. तुझ्यातून वाहून जाणारं मीठ तो आड रोज कळशीनं परत भरत होता. पुरतं नाही, पण जीव राहण्यापुरतं.

गोळी सुरू झाली. ग्रंथीतून जो रस यायचा तोच बाहेरून, गोळीतून द्यायचा. काही दिवसांतच तू खाटेवर उठून बसलीस आणि भाकरीबरोबर ठेचा मागितलास. मी तुला सगळं सांगितलं, दोन बाटल्यांचं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे माजा रोग उंदरानं वळकला. डाक्टरनं न्हाई, तू बी न्हाई." मग वस्तीभर तू स्वतःला उंदीरच म्हणवून घ्यायला लागलीस. मी नांदेडहून आलो की दारातून ओरडायचीस, "आलास व्हय? आन उंदराची गोळी."

ती गोळी लातुरात मिळायची नाही. मी सगळी दुकानं पालथी घातली. बसस्टँडजवळचे दुकानदार चांगले होते, ते म्हणाले, "हे औषध इकडं कुणी लिहून देत नाही आणि कुणी मागत नाही. एका पेशंटसाठी मागवलं तर पडून खराब होतं." म्हणून मी नांदेडहून आणायचो. लोहा, अहमदपूर, लातूर, मग आपला फाटा. शनिवारी दस्तीत बांधलेली डबी घेऊन उतरायचो. तुझं आयुष्य असं एस.टी.नं यायचं.

लिंबाच्या सावलीत बसून मी तुला समजावून सांगितलं होतं ते आठवतं? तू विचारलंस, "उंदराच्या त्या गाठी काडल्यावर तो मरतो कशानं? मीठ तर तुमी देता."

"त्या ग्रंथी टोपीसारख्या बसलेल्या असतात मूत्रपिंडावर," मी सुरुवात केली.

"कसली टोपी? पुढाऱ्याची?"

"तशीच. तिरकी."

मग मी सांगितलं. तिच्या गाभ्यातला एक रस घाईचा. कुत्रं मागं लागलं, साप दिसला की तो रक्तात उतरतो आणि यकृतातली साखर मोकळी करतो, कणगीच्या बुडाचा बोळा काढावा तशी. माणूस पळून जीव वाचवतो. पण कणगी दिवसाभरात रिकामी होते. सालीतला दुसरा रस असतो तो गडबड करत नाही. तो घरातल्या कारभारणीसारखा. रोज पहाटे, कुणी उठायच्या आत वाढतो. जेवण नसलं तर तो जमिनीखालचं धान्याचं पेव उघडतो, म्हणजे कातडीखालची चरबी. ती मांसाला जाळायला देतो आणि साखर मेंदूसाठी राखून ठेवतो. त्यावरही भागेना तर घराचे वासे काढायला घेतो. दंडाचं, मांडीचं मांस मोडून यकृताकडं पाठवतो, आणि यकृत त्याची साखर करतं. म्हणून उपाशी माणूस वाळतो पण लगेच मरत नाही. ग्रंथी काढलेला उंदीर पोटभर खाईल तोवर बाकीच्यांसारखाच दिसतो. पण त्याला उपाशी ठेवा. पेव भरलेलं असतं, उघडणारं कुणी नसतं. साखर उतरत जाते आणि अंगावर चरबी असताना उंदीर मरतो.

तू लिंबाच्या काडीनं मातीत एक खड्डा उकरलास. मग म्हणालीस, "म्हंजे त्या दुष्काळात आपण या गाठीवर जगलाव."

"हो."

"मग लई वापरल्यामुळं माज्या झिजल्या."

"तसं नसतं अक्का. त्या झिजत नाहीत. तुझ्या क्षयानं खाल्ल्या."

"आन खोकला कशानं आला? पोट रिकामं व्हतं म्हणूनच ना?"

"जंतूनं येतो तो."

"जंतू माज्या एकटीच्याच वाट्याला आला व्हय? तू बी तिथंच झोपायचास. तू जेवलेला व्हतास, म्या न्हवते."

मी गप्प बसलो नाही, वाद घातला. मी ग्रॅज्युएट होतो. पुढं कधीतरी सरांच्या कपाटातल्या एका पुस्तकात मी वाचलं की उपासमार लांबली की हाच रस अंगात सारखा चढा राहतो, आणि तो उपाशी माणसाला जगवता जगवता रोगाशी झुंजणारी त्याची ताकद मात्र कमी करतो. दाराला कडी लावायला माणूस उरत नाही, सगळे पेवात उतरलेले असतात. म्हणजे तू म्हणत होतीस त्यात तथ्य होतं. माझी सुकडी तुझ्या वाट्याची होती, आणि तिचं काय झालं ते त्या पानावर छापलेलं होतं. पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं. मग उंदरांचं काम निघालं, परीक्षा निघाली, प्रत्येक शनिवारी दुसरंच काही निघालं. राहिलंच.

वर्षावासातलं आपलं भांडण तर अजून मिटलंच नाही. पौर्णिमेला विहारात अष्टशील घ्यायचं तुझ्या मनात होतं. दुपारनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत जेवायचं नाही. मी आडवा आलो. "आजाऱ्याला सूट असते," म्हटलं.

"म्या आजारी हाय का? गोळी घेतली की म्या पाटी उचलती."

"गोळी घेऊन उपाशी राहिलीस तरी साखर उतरेल. तुझं पेव धड उघडत नाही."

"तुजा धम्म येगळाच हाय, बापू. गोळीचा," असं म्हणालीस आणि जेवलीस. पण विहारातून येताना बायकांच्या मागं मागं चाललीस, ते मी बघितलं होतं. तुला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. एक दिवस उपाशी राहता येण्याइतकं धडधाकट. उपासमार भोगून झालेल्या माणसाला उपासाची हौस असते, हे मला कुठल्या पुस्तकात सापडायचं?

मग लातूर जिल्हा झाला. आपण उस्मानाबादचे लातूरचे झालो. कचेऱ्यांवर नव्या पाट्या आल्या, नव्या जीपगाड्या धुरळा उडवत फिरायला लागल्या. आणि पावसानं पुन्हा पाठ फिरवली. गोडा आड आटला, मागोमाग आपला मचूळही आटला. बुडाशी नुसता पांढरा खार. नव्या जिल्ह्याचा टँकर आला आणि, तुला खरं वाटलं नसतं लहानपणी, आधी आपल्या वस्तीवर थांबला. मायनं टँकरला हात लावून बघितला, खरा आहे का म्हणून. तू एक तांब्या प्यालीस आणि तोंड वाकडं केलंस.

"जिल्ह्याचं पाणी अळणी हाय."

त्या शेवटच्या शनिवारी मी आलो तेव्हा तू खुशीत होतीस. दारातच अडवलंस. "बापू, तुज्या त्या गाठी शेळीला बी असत्यात का?"

"असतात की. सगळ्या जनावरांना असतात."

"मग म्या बरोबर केलं."

बांडी गाभण होती, दिवस भरत आले होते. चारा नव्हता. पोटात दोन पिल्लं, आणि ती तिच्या अंगातली साखर ओढून घेत होती. आठवडाभर ती खाली बसून होती, मान एका अंगाला टाकून, आणि तोंडाला सडक्या फळासारखा गोडसर वास. तू ओळखलंस. पेव एकदम उघडलं की वाफ येते आणि आत उतरलेला माणूस गुदमरतो; चरबी एकदम सुटली की जनावराचं यकृत तसंच कोंडतं, असं मीच तुला कधीतरी सांगितलं होतं. तू गुळाचं पाणी केलंस, त्यात तुझ्या गोळ्या चुरल्यास आणि नळीनं तिला पाजल्यास. आणि बांडी उभी राहिली होती.

मी किती ओरडलो तुला. "तिच्या ग्रंथी शाबूत आहेत! तिला गोळी कशाला पाहिजे? तिला साखर पाहिजे, ती गुळातून गेली."

"गोळीनं उठली ती."

"गुळानं!"

"तू व्हतास का इथं?"

"पुस्तकात आहे, अक्का."

"पुस्तकात बांडी हाय का?"

"ती शेळी आहे. तू माणूस आहेस."

तेव्हा तुझा आवाज उतरला. म्हणालीस, "म्या उंदीर, ती शेळी. आमचं आमाला कळतंय. पोटात दोन हायत तिच्या, बापू."

डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं, तुझ्या पोटात मूल वाढणं धोक्याचं आहे. त्यावर तू कधी एक शब्द बोलली नव्हतीस. मला तेव्हा तरी कळायला हवं होतं की आपण शेळीबद्दल बोलत नाही. मी डबी उघडून बघितली. पुढच्या शनिवारपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या होत्या. मायच्या गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली. "न्हाई देत, जा," म्हणालीस. मी फाट्यावर गेलो आणि नांदेडची गाडी धरली.

पुढचं मला मायनं सांगितलं. मधल्या वारी बांडी पुन्हा बसली. गूळ संपला होता. गावात कुणाकडं मिळेना. तू डबी घेऊन गोठ्यात गेलीस. बांडी त्या दिवशी व्याली, दोन पिल्लं. आणि त्याच संध्याकाळी तुला ताप भरला. ताप आला की गोळी दुप्पट घ्यायची, हे तुला पाठ होतं. डबी रिकामी होती. उलट्या सुरू झाल्या. टेम्पो मिळेपर्यंत सकाळ झाली. लातूरच्या वाटेवर, नदीच्या कोरड्या पात्राशी, तू मायच्या मांडीवर डोकं ठेवून पाणी मागितलंस.

"आपल्या आडाचं दे."

आड तर आटलेला. मायनं टँकरच्या पाण्यात मूठभर मीठ कालवून आणलं होतं. तू एक घोट घेतलास आणि म्हणालीस, "हे ते न्हाई."

त्यानंतर तू काही बोलली नाहीस.

मी काय करू, अक्का? पुण्यानुमोदनाला लोक आले आणि म्हणाले, सुटली बिचारी. एकेकाची गचांडी धरावीशी वाटली मला. सुटली कशातून? ठेचा मागून खाणारी, पाटी उचलणारी, भांडणारी बाई सुटली म्हणता? सरांना विचारलं, शेळी गोळीनं उठली असेल का. ते म्हणाले, अशा जनावरांना ढोरांचे डॉक्टर कधी कधी याच जातीचं इंजेक्शन देतात, पण पोटातून दिलेली गोळी रवंथ करणाऱ्या जनावराला कितपत लागू पडेल, सांगता येत नाही, बहुधा गुळानंच. बहुधा. हा शब्द घेऊन मी कुठं जाऊ? तुझा जीव बांडीला लागू पडला की वाया गेला, एवढं तरी मला कळायला नको का? मी गोठ्यात जाऊन तिच्यापुढं बसतो. ती मला हुंगते आणि रवंथ करत राहते. पिल्लं तिच्या कासेला ढुसण्या देतात. एक दिवस दोरी सोडून तिला बाजारात नेणार होतो. माय दारात आडवी झाली. म्हणाली, "तिला इकायच्या आदी मला इक."

तू असतीस तर भांडलो असतो. वाद अर्धा आहे, अक्का, आणि माझी बाजू मांडून झाली आहे. आता तुझी पाळी होती.

मी हल्ली माणसांच्या चेहऱ्याकडं बघत नाही. हात बघतो. एस.टी.त, चहाच्या टपरीवर, रांगेत. गेल्या महिन्यात अहमदपूरच्या स्टँडवर एक माणूस बाकावर आडवा पडला होता. उदगीरच्या आडतीवर हमाली करायचा, आता पोतं उचलवत नाही म्हणाला. तळहाताच्या रेषा काजळासारख्या. मी विचारलं, "मीठ लागतंय का हो?"

तो उठून बसला. "तुमाला कोन सांगितलं?"

"उंदरानं," म्हणालो.

त्याला मी त्याच डॉक्टरांकडं नेलं. तुझाच रोग होता. नंतर लातूरला बसस्टँडजवळच्या त्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, "तुमच्या ताई..." आणि थांबले. मी म्हणालो, "आता दुसरा आहे. आणि माझ्या माहितीत दुसरा आहे म्हणजे माहितीत नसलेले आणखी असणार. ठेवा तुम्ही. खराब झाल्या तर मी भरून देतो, पण दुकानात ठेवा." त्यांनी फळीवरची एक जागा झटकली.

परवा मी मुद्दाम जाऊन आलो. मागितली नाही, नुसती बघितली. वरून दुसऱ्या फळीवर, डाव्या हाताला. उदगीरचा तो माणूस तिथूनच घेऊन जातो, आणि पुन्हा पोतं उचलतो.

अक्का, लातुरात आता तुझी गोळी मिळते.